अमान्य

माझ्या सलूनात पेपर एकच यायचा
आणि पेन्सिल एकच,
खुर्चीच्या दांडीला दोऱ्यानं बांधलेली,
नाहीतर इंगवले मास्तर ती खिशातनं घरी न्यायचे.
कोडं मात्र सगळ्यांचं.
‘आडवा सात. तीन अक्षरी. उसाचा रस आटवायची कढई.’
मुजावर चाचा म्हणायचे, कायली.
वीस हंगाम गुळव्या होते, त्यांना कोण सांगणार?
मास्तर सांगायचे. काहील. शब्दकोशात आहे.
मी वस्तरा हवेत धरून वादात,
गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं आरशातनं बघत.
उत्तर दुसऱ्या दिवशी छापून यायचं,
तोवर भांडण पेठभर हिंडायचं,
चहाच्या गाड्यावर, पंक्चरवाल्याकडं,
एकदा तर कुणाच्या तरी वरातीत.

आता कोडं रात्री बाराला फोनात उगवतं.
तीन घरं, सहा संधी,
बरोबर अक्षर हिरवं, जागा चुकलेलं पिवळं.
सगळे अंथरुणातच सोडवून मोकळे.
सकाळी ग्रुपवर नुसते रंगीत चौकोन,
शब्द कुणी फोडायचा नाही, असा नियम.
कात्रीला एवढा आवाज असतो
हे मला तीस वर्षांनी कळलं.

तशी तक्रार नाही.
चाचांचा यासीन मस्कतला क्रेनवर असतो.
पैसे पोचले. तब्येत बरी.
एवढंच बोलणं बापलेकांचं, कितीतरी वर्षं.
आता रात्री तो चौकोन पाठवतो, हे पाठवतात.
एकदा त्यानं लिहिलं,
अब्बा, तुमची कायली आठवली, चौथ्यात सुटलं.
डोळ्यावर चष्मा असून
चाचांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

परवा मी पहिलाच शब्द टाकला, तिकटी.
फोन थरथरला. ‘शब्द अमान्य.’
पुन्हा टाकला. अमान्य.
माझा बाप जन्मभर पाहुण्यांना सांगायचा,
मिरजकर तिकटीला उतरा, मग विचारा कुणालाबी.
एवढ्या पत्त्यावर कोल्हापुरात माणूस सापडायचा.

मी मोठ्यानं म्हणालो,
तिकटी म्हणे शब्दच नाही!
मास्तरांनी फेसासकट मान फिरवली.
चाचा म्हणाले, मग आपण बसलोय कुठं, भावा?
पंक्चरवाला टायर तसाच टाकून आत आला.
तिकटीला जोड कुठला, चौक की तिठा,
की दोन्ही नाही, हे लिहून बघायला
जुना पेपर पसरला,
दांडीला दोरा लोंबत होता, पेन्सिल नव्हती.

मास्तरांनी हळूच
शर्टाच्या खिशात हात घातला.