पिसं

मोटर जुन्या वॉशिंग मशीनची.
ते मशीन मेलं तेव्हा रुनाकाकूनं दोन दिवस हातानं कपडे धुतले
आणि तिसऱ्या दिवशी सिग्वाल्डीकाकाला विचारलं,
नवं आणतोस, की मी जाऊ विनिपेगला, बहिणीकडे?
मोटर मात्र मेलीच नव्हती.
मेलं होतं पाणी सोडणारं एक फडतूस बटण.
काकानं हे कुणाला सांगितलं नाही.
गॅरेजात, घोंगडीखाली, अकरा वर्षं ती पडून होती.

माझं काम टॉर्च धरायचं.
जिथं बघायचंय तिथं उजेड नाही,
जिथं उजेड तिथं बघायला काही नाही,
असं काका दर दोन मिनिटांनी म्हणे
आणि माझं मनगट धरून वळवी,
जणू तोही एक पानाच.

सहा इंची पाइप. त्यावर पेन्सिलीची नागमोडी रेघ,
रेघेवर छप्पन्न भोकं.
ट्रकची ताडपत्री आवळायचे काळे रबरी पट्टे
वीतभर कापून एकेका भोकातून ओढले, आत गाठ.
"बोटं," काका म्हणाला.
ती पाइपवर लुळी लोंबत होती,
अजून काहीच न शिकलेली.

काकूचा उजवा अंगठा
दोन हिवाळे झाले, वळत नव्हता.
त्याबद्दल कुणी बोललं नाही.
ती गॅरेजच्या दारात आली, बघितलं, म्हणाली,
याला पिसं लागलंय.
गेली.

पहिलं बदक हिरव्या डोक्याचं,
पहाटे लव्हाळ्यामागून पाडलेलं.
बटण दाबलं.
पुढचं नीट सांगता येणार नाही.
बदक हातातून सुटून छताला लागलं,
मेल्यावर आणखी एकदा उडालं म्हणा ना,
आणि खाली आलं ते अर्धंच सोलून.
बिस्कुप नावाचा कुत्रा जो पळाला
तो थेट चर्चच्या अंगणात.

मग मोठी कप्पी. मग त्याहून मोठी.
पट्टा सैल. पट्टा घट्ट. पुन्हा सैल.
भट्टीचा जुना पंखा मागं बसवला,
त्याच्या तोंडाला बटाट्याचं पोतं.

शनिवारी वायव्येचा वारा सुटला,
सरोवराच्या काठाला बर्फाची साय धरली,
आणि वरून बदकं उतरली, थव्यामागून थवे.
बावीस. चाळीस मिनिटांत साफ.
पोतं फुगून दारात मावेना.
भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी, कानात लव,
अंगभर पिसं लागलेला माणूस
पिसं लागलेल्या माणसासारखा हसत होता.

काकूनं एक बदक उलटंपालटं केलं.
पंखाखाली कोंब राहिलेत, म्हणाली.
मांडीशी कातडं फाटलंय.
एकूण बरं आहे.
तिच्या तोंडून हे म्हणजे पदकच.

मग सहा वाजले.

दर वर्षी या वेळी दोघं तळघरात
उपड्या बादल्यांवर समोरासमोर,
मधे टब, मध्यरात्रीपर्यंत.
एरवी "हं" आणि "मीठ दे" एवढंच बोलणारा माणूस
तिथं बोलत असे:
आइसलँडहून आलेल्या पणजोबांची बुडालेली नाव,
भावानं केलेलं कर्ज,
बर्फात सापडलेला कुणाचा तरी बूट.
हात गुंतले की त्याचं तोंड सुटे.

आता हात धुऊन, पुसून, टेबलावर.
काकानं चमचा उचलला. ठेवला.
म्हणाला, कोंबांसाठीही काही करता येईल,
ड्रिलला बारीक ब्रश लावून, किंवा मेण...

काकू उठली.
मागच्या पडवीतून एक टील घेऊन आली,
ओंजळीएवढं, पिसांसकट,
मुद्दाम मागं ठेवलेलं.
वर्तमानपत्र पसरलं.
उजव्यानं नुसतं दाबून धरलं, डाव्यानं सुरू केलं.
"त्या बुटाचं," ती म्हणाली,
"मागच्या वर्षी अर्धवट राहिलं होतं."

काका बराच वेळ मिशीतली लव वेचत बसला.
मी दारात, हातात टॉर्च, तसाच पेटलेला.
तो बंद कर आधी, काकू वर न बघता म्हणाली,
आणि बस.

"डावा होता," काका म्हणाला.