आतली साल

बेल्मिरोच्या कुऱ्हाडीनं बत्तीस उन्हाळ्यांत
एकाही झाडाच्या आईला दुखवलं नव्हतं.
इथे आलेंतेजूत बुचाच्या ओकाच्या
आतल्या सालीला आईच म्हणतात.
तिला धार लागली
की त्या जागी पुन्हा बूच धरत नाही.

मंगळवारी मात्र पातं घसरलं
आणि त्याच्याच डाव्या हातात गेलं,
मनगटापासून चार बोटं वर.

ट्रॅक्टरवर घालून आणला त्याला.
जोडीदार पांढराफटक, हा शांत.
डॉक्टर येतात गुरुवारी;
सात टाके मीच घातले,
कोपराकडचं टोक उघडं ठेवलं,
तिथे कड कडेला भेटेना.

दुसऱ्या दिवशी आला तो तणतणत.
हात फुगलेला, लाल, तव्यासारखा तापलेला.
"इदालिना, बिघडलं ना हे?"
नाही रे. ही वर्दी पोचल्याची खूण.

आधी नळ्या आवळल्या, रक्त थांबावं म्हणून.
चपट्या कणांनी एकमेकांना धरलं,
धाग्यांचं जाळं विणलं
हाताला येईल तसं, टाके चुकवत.
मग त्याच नळ्या सैल सुटल्या, मुद्दाम,
भिंतींना फटी पडू दिल्या,
आणि पांढऱ्या पेशी त्या फटींतून
अंग चोरून बाहेर पडल्या.
तुझ्या हातात सध्या गर्दी आहे, बेल्मिरो,
आणि गर्दीला ऊब असते.

"आणि हा ठणका?"
ठणका म्हणजे हात हलवू नकोस.
इतकंच. जास्त अर्थ लावू नकोस त्याचा.

पहिल्या आलेल्या दोनेक दिवसांत मरतात,
खाऊन खाऊन मरतात,
पिवळसर ओल मागे ठेवून.
मग येतात थोराड, धीम्या पेशी.
त्या मेलेल्यांना गिळतात
आणि, मला अजून नवल वाटतं याचं,
गिळता गिळताच त्यांचा सूर बदलतो:
पुरे झालं भांडण, आता बांधायला घ्या.

सहाव्या दिवशी उघड्या टोकाशी
रवाळ लाल मांस वर आलं,
अंजीर उकलल्यावर आत दिसतं तसं.
त्यानं तोंड फिरवलं.
मला मात्र शिट्टी वाजवावीशी वाटली.

सोललेल्या झाडांवर त्याच आठवड्यात
पांढऱ्या रंगानं चाराचा आकडा पडला,
सालाचा शेवटचा आकडा.
नऊ वर्षांनी परत यायचं तिथे.
माझं पेन मागून त्यानं
पट्टीवरही चार काढला, हसला.

बाराव्या दिवशी टाके काढले.
आता नुसती खाज.
"झाडाला सुटते का गं खाज?"
झाडाला बोलवायला कुणी नसतं, मी म्हटलं.
ते जखम भरत नाही,
तिला आतल्या आत कोंडतं
आणि बाजूनं वाढत राहतं.

खपलीच्या कडेशी नख थांबलं त्याचं.
"माझा भाऊ आंगोलाहून तसाच आला होता,"
म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला.

पुढच्या ऑगस्टात दिसला वजनकाट्यापाशी.
बुचाच्या फळ्यांची थप्पी, धूळ, दुपार.
घामानं निथळत होता सगळा,
फक्त डाव्या हातावर एक रेघ कोरडी,
गुळगुळीत, बिनकेसाची.
विणलं गेलं होतं घट्ट,
पण पूर्वीइतकं नाही; तितकं कधीच होत नाही.

तिच्यावरून अंगठा फिरवत म्हणाला,
"आईलाच लागलं होतं तर."