बादलीची जागा

डब्यावर लिहिलंय : साठ फॅरनहाइटच्या खाली लावू नये.
डब्यावरच लिहिलंय : खिडकी उघडी ठेवावी.
बाहेर ईरी सरोवरावरून आलेलं नोव्हेंबरचं बर्फ
खिडकीच्या चौकटीत बोटभर साचलंय.
हा डबा लिहिणारा
कधी पेनसिल्व्हेनियात राहिला असेल का?

मी हीटर लावते, खिडकी वीतभर उघडते,
गुडघ्यांखाली जुनी सतरंजी घेते
आणि शॉवरमध्ये उतरते, कोरडी, कपड्यांसकट.

घर घेतलं तेव्हा हा फायबरग्लास पांढरा होता.
आता दाराशी पिवळा, जाळीभोवती करडा,
आणि जाळीच्या डावीकडे
एक गोल, बादलीच्या बुडाएवढा.
तिथला वरचा थर पार गेलाय,
आतले काचेचे तंतू
दोन दिवसांच्या पांढऱ्या दाढीसारखे वर आलेत.

तात्या सहा महिन्यांसाठी आले आणि अकरा वर्षं राहिले.
पाटबंधारे खात्यातला माणूस.
शॉवर म्हणजे त्यांच्या लेखी फुटलेला कालवा.
"मोजल्याशिवाय पाणी घेऊ नये," एवढंच म्हणाले,
आणि हार्डवेअरच्या दुकानातून
पाच गॅलनची नारिंगी बादली घेऊन आले.
रोज पहाटे साडेपाचला ती ओढल्याचा आवाज,
खर्रर्र,
भिंतीपलीकडे माझ्या उशीत.
रात्रपाळीहून आलेली मी दात आवळून पडून राहायचे.

"उचलून ठेवा ना," एकदा म्हटलं.
"उचलवत नाही गं."
मला वाटलं, बहाणा.
पाच गॅलन म्हणजे एकोणीस लिटर,
अर्धी भरली तरी साडेनऊ किलो.
हा हिशेब मी आज केला.

शेजारचे डोंब्रोव्स्की
(तात्या त्यांना डोंबिवलीकर म्हणत, आणि ते 'ओ' देत)
काल कुंपणावरून सगळं सांगून गेले :
आधी साबणाचा थर काढ, मग ॲसिटोन,
मग दोनशेवीसचा पॉलिश पेपर, ओला करून.
चमक दिसतेय तोवर घासत राहा,
चकचकीत गोष्टीला रंग धरत नाही.

हातमोजे असून तंतू शिरतातच.
मनगटाला खाजकुयली लागल्यासारखं.
एक चिमट्यात धरला, दिव्यासमोर नेला,
दिसेना.
टोचत मात्र होता.

दोन इंचांचा तडा होता, त्यात लांबी भरली.
दुपारी चारला पहिला हात दिला.
पाचला येऊन बघते तर पांढऱ्यातून तो गोल,
भज्यांच्या पुडीतून तेल यावं तसा,
सावकाश वर आलेला.

डोंबिवलीकर (मीही आता तेच म्हणते)
दारातून वाकून म्हणाले, तिथे कमी घासलंयस.
खरं असेल.
सगळीकडे जोर लावला, तिथे हात हलका पडला.
मुद्दाम नाही.
म्हणजे, मला तरी माहीत नाही.

वाळल्यावर पुन्हा घासलं. दुसरा हात.
आता काहीच नाही.
दुधाळ, गुळगुळीत,
कुणीच कधी उभं न राहिलेली जमीन.

तीन दिवस पाय ठेवायचा नाही.
तोवर आम्ही दोघं टॉवेल खांद्यावर टाकून
बर्फातून शेजारी जातो,
आणि दुसऱ्यांच्या घरी लवकर आटपतो.

वाळलं का ते बघायला, डबा सांगतो,
सहज दिसणार नाही अशा कोपऱ्यात बोट टेकवा.
टेकवलं. जरा घाईच झाली.
अंगठा उठला, स्वच्छ,
सही न येणाऱ्या माणसाचा उठतो तसा.
आता तो तिथेच राहणार.

खालून श्रीरंग विचारतोय, अंघोळ कधी?
रविवारी, सहानंतर, मी ओरडून सांगते.
आणि ही बादली टाकून देऊ का?
नको,
माझे ब्रश बुडवलेत तिच्यात.