मेखेच्या खुणा

एजंट म्हणाला, जागा हवेशीर आहे,
फक्त फरशीला खड्डे आहेत,
ते मालकांनी भाड्यात धरलेत.
मी वाकून पाहिलं.
त्यातले चार माझे.

शरणपूर, पहिला मजला, शहाबादी फरशी.
उजागरे बाई चेलो गुडघ्यांत द्यायच्या
आणि खालची लोखंडी मेख
टेकेल तिथे टेकू द्यायच्या.
"घसरू देऊ नकोस. बाकी सगळं नंतर."
नववं वर्ष: खुर्चीपासून दोन वीत.
अकरावं: दोन वीत, चार बोटं.
पोरांची उंची दारावर पेन्सिलीने लिहितात,
आमची इथे, जमिनीवर, पुढे सरकत गेलेली.
सायलसचा एकच खड्डा. त्याच्या वडिलांची
ओझरहून बदली झाली.

बाईंनी स्वतःचं फार सांगितलं नाही.
मुंबईत अकरा वर्षं स्टुडिओत:
"हिरॉईन रडली की आम्ही सहाजण वाजवायचो.
तिला रडता येत नसे, म्हणून तर बोलवायचे."
मग जर्मनीत, कुठल्याशा लहान गावी,
शेवटच्या रांगेत,
जिथून कंडक्टरचा नुसता डावा हात दिसे.
तिथल्या थंडीत बोटं, इथल्या एप्रिलात लाकूड,
दोन्ही तडकतात.
एवढंच त्यांचं प्रवासवर्णन.
उन्हाळाभर चेलोच्या पेटीत
भोकं पाडलेली साबणाची डबी, आत ओलं फडकं.

एकदा गजाचे केस झडले
आणि पार्सल कस्टममध्ये अडकलं.
बाई तडक पंचवटीत, टांग्याच्या अड्ड्यावर.
गफूरचाचांनी पांढऱ्या घोड्याची शेपटी
धुतली, विंचरली, हवे तेवढे केस काढून दिले.
पैसे घेईनात.
"वाजलं की ह्याला ऐकवा, म्हणजे झालं."
बाईंनी ऐकवलं. रामकुंडाच्या उतारावर,
चहावाल्याच्या स्टुलावर बसून, पूर्ण पंधरा मिनिटं.
घोड्याने एक कान वळवला.
उघड्या पेटीत कुणी दोन-तीन नाणी टाकली,
त्यांचे चणे आले, ते त्यानेच खाल्ले.
कालिदासमधल्या कार्यक्रमाचं बाई कधी बोलल्या नाहीत.
हे मात्र प्रत्येक नव्या पोराला सांगायच्या.

"कोपर सोड. दोरीवर ओलं धुणं टाकतो, तसं.
दाबू नकोस, तार काय पळून जाते?"
मी दाबायचे.
अजूनही दाबते, नोटांच्या प्रेसमध्ये, बटणं.
मशीन सुरू होतं तेव्हा
सी आणि डीच्या मधे कुठेतरी घुमतं, बेसूर,
आणि पहिल्या पाळीला, चहाच्या आधी,
माझी डावी बोटं मांडीवर जागा शोधतात.
आमच्यातली रिबेका तेवढी वाजवणारी निघाली.
ती कॅनडात वाजवते, लोकांच्या लग्नांत.
बाईंना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "जेवण चांगलं असतं."

बाई जाऊन आता हा दुसरा हिवाळा.
खिडकीपाशी सगळ्यांत खोल खड्डा त्यांचा,
फरशी पुसली की पाणी साचतं तिथे.
करंगळी घातली. पहिल्या पेरापर्यंत गेली.
कडेच्या भेगेत राळेची पूड,
नखावर पिवळी आली, वास मात्र गेलेला.

एजंट म्हणाला, सिमेंटने भरून देतो, दोन तासांचं काम.
म्हटलं, भरू नका.
भाड्यात धरलेत ना?
आणि खुर्ची बघावी लागेल एखादी,
हात नसलेली,
ज्यावर नऊ वर्षांच्या मुलाचे पाय
जमिनीला लागतील.