माया

मालवणात, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं दुकान.
कपाटात सदतीस वह्या, सगळ्यांत मापं.
कुणाच्या तब्येतीवर मी कधी बोललो नाही,
आकडा लिहिला आणि पेन्सिल कानावर ठेवली.

हिराजी कुबल. कंबर सव्वीस.
लेकीच्या लग्नाला शिवली तेव्हा साडेसव्वीस.
त्याला कुणी काटक म्हणू नये.
होड्या वर ओढल्या की श्रावण सरेपर्यंत
त्या घरात पेज, आणि सुक्या बांगड्याचा नुसता वास.
त्या सव्वीसात निम्मी भूक होती.

त्याच्या मुलाच्या होडीला इंजिन आलं. चौतीस.
वल्हं माळ्यावर गेलं, तिथेच वाळवीनं खाल्लं.
मग पूल झाला, तर बंद झाली,
सड्यावरची शाळेची वाट करवंदींनी गिळली.
एका रिक्षात आता नऊ पोरं येतात.
पूल मला नको होता असं नाही.
माझी धाकटी बहीण तरीची वाट बघताना गेली,
पोटुशी होती.

पहाटे बर्फात निजून सुरमई गोव्याला जाते,
त्याच टेम्पोतून परत येतात थंड बाटल्यांचे क्रेट.
नेरुरकराच्या दारात उकड्या तांदळाचं पोतं असायचं,
तिथे पाकिटांच्या माळा,
दसऱ्याच्या झेंडूपेक्षा पिवळ्या.

हिराजीचा पणतू वेदांग. इयत्ता पाचवी.
आई पर्यटकांच्या खोल्या झाडून धावत आलेली.
"दादानू, वायच माया जास्त ठेवा, झील वाढता हा."
रांधायला वेळ नसतो तेव्हा
ती त्याच्या हातावर दहाची नोट ठेवते.
तीही मायाच.
फीत लावली तर पोरानं श्वास कोंडून धरला.
"सोड रे," म्हटलं.
दारातली दोन पोरं हसली.
त्या दिवसापासून आकडा मोठ्यानं सांगत नाही,
कारागिराला बोटांनी दाखवतो.

यंदा शाळेनं कोल्हापूरहून तयार पँटी मागवल्या,
कमरेला इलॅस्टिक.
इलॅस्टिक काही विचारत नाही,
लिहूनही ठेवत नाही.
अडतिसावी वही कोरी आहे.

काल शटर ओढून फीत स्वतःला गुंडाळली.
एकेचाळीस.
पायाचं मशीन विकून मोटर बसवली
त्यालाही आता अकरा वर्षं झाली;
दिवसभर इथे हलतात ती फक्त बोटं.
ट्रंकेतून लग्नातली पँट काढली, उसवून पाहिली.
बापानं शिवलेली. आत दीड इंच माया,
अजून करकरीत, कधी न उन्हाला लागलेली.
त्याच्या हिशेबानं
ती मला जन्मभर पुरणार होती.