अत्यावश्यक

पहाटे चारला लेम्पी हायकिनेन
टेकडीच्या रस्त्यावर गाडी नेते,
मुद्दाम ब्रेक दाबून बघते किती घसरते.
मग बर्फात रोवते मुलाची शाळेतली फूटपट्टी.
फूटपट्टी संपते.

अकरा हजार उशांपाशी फोन थरथरतात :
विद्यापीठ आज बंद.
फक्त अत्यावश्यक कर्मचाऱ्यांनी यावे.

कुलगुरू कूस बदलतात.
अख्खा तत्त्वज्ञान विभाग झोपून राहतो.
आणि मी, बॉयलरवरचा वाइनो,
बायकोला न उठवता बूट चाचपतो.
एकोणीस वर्षं झाली;
मी अत्यावश्यक आहे हे
हिवाळ्यात तीनचारदाच कळवतात.

दाबाचा काटा बघत उभा आहे.
प्रयोगशाळेतल्या उंदरांना ऊब हवी.
खानावळीत मेबेल एकटीच चारशे अंडी फोडतेय.
सुपीरियर सरोवरावरून वारा येतो
आणि डेलने आत्ताच उकरलेला रस्ता
परत मिटवून टाकतो.

खिडकीतून दिसलं :
ग्रंथालयाच्या दाराशी एक पोर,
मांडीएवढ्या बर्फात.
पुस्तक परत करायची तारीख आजची, म्हणे.
पेटीची फट गोठलेली.

आता पोर बाकावर झोपलंय,
पुस्तक वाफेच्या नळावर वाळत घातलंय.
लेम्पीचा फोन आला, सगळं ठीक?
म्हटलं, पान एकशेबारापर्यंत
कोरडं आहे.