आवळ्याची मोट

रात्रीचे पावणेदोन. खाली गोरव्याच्या गाळ्यात
गास्केट कापणारं मशीन आता कुठे गप्प बसलंय.
माझ्यापुढे चारशे बारा फायली,
आणि मांडवीतल्या दुकानांतले तडकलेल्या काचेचे फोन
सकाळी दहाला मागणार एकच.
आवळ्याची मोट म्हणतात ती हीच असावी.

पहिलीला बोलावलं. ती म्हणाली, मला दोघी लागतात.
दोघी म्हणाल्या, आम्हाला तो तारखांवाला हवा.
तारखांवाला एकटा कधी येतो?
त्याच्यामागे वऱ्हाड, जगातल्या सगळ्या देशांच्या
घड्याळांसकट.
आम्हाला हवं होतं फक्त
उधारी कधीची आहे, एवढंच.

भाव आणि वजन यांचं वेगळंच.
भाव सुरू होण्याआधी वजनाला विचारतो,
वजन त्याच्याही आधी भावाला.
दोघं एकमेकांच्या उंबऱ्यावर ताटकळत,
आणि पडद्यावर अनडिफाइन्ड.
केयूर निघताना सांगून गेला होता, थई जशे.
केयूरचं थई जशे म्हणजे यामिनी, तू बस.
बसले. दोघांना लागतं तेवढं काढून
तिसऱ्या फायलीत ठेवलं,
वाटण्या झाल्या तरी विहीर सामाईक ठेवतात तसं.

मग यंत्र झाड हलवतं.
ज्याला कुणी हाक मारत नाही ते खाली पडतं.
पडलेल्यांची यादी कुणी वाचत नाही. मी वाचते.
तिच्यात होतं सुट्टेसोड.
दिगंबर फणशांनी लिहिलेलं, निवृत्तीच्या वर्षी,
दोन बोटांनी, कीबोर्ड ठोकत ठोकत.
बाकी पाच रुपयांच्या आत असेल तर शून्य धर.
वर टीप: गिऱ्हाइकाशी भांडू नये.

हल्ली सुट्टे मागतं कोण?
तीन रुपये सदतीस पैसेसुद्धा
फोन दाखवला की सरळ जातात.
फणसे हॅलिफॅक्सला, मुलीकडे.
त्यांना एकदा विचारायचं होतं, कुणाशी भांडला होतात.
राहिलं.

खातंबंदमध्ये मी एक ओळ टाकली.
एकच हाक.
मोट साठ बाइटने फुगली.
कुणाला बोलले नाही.

शेवटचा हात फिरला. टिपा गेल्या,
मोकळ्या जागा गेल्या, हजारो ओळींची
एकच लांब ओळ झाली.
एकूणदेणं झालं टी. वजन झालं ई.
फणसे कुठे नाहीत, मीही नाही.
दोनशे चौदा केबी.
कोण आधी कोण होतं त्याचा नकाशा तेवढा
दुकानांकडे धाडत नाही आम्ही,
आपल्याकडेच ठेवतो.

सूरसागरच्या कडेने स्कूटर काढली तेव्हा
पावणेचार वाजून गेले होते.

सकाळी दहा वीसला मनहरबेनचा फोन,
दोरा-बटणवाल्या.
बेन, मारा तीन रुपिया क्यां गया?
बघते, म्हणाले.
ओळ पहिली, अक्षर अठ्ठेचाळीस हजार दोनशे अकरावं.
तिथे फक्त एक एन, दोन कंस.
नकाशा उघडला. त्याने बोट धरून
थेट फणशांच्या फायलीत नेलं, ओळ सतरा,
आणि तिच्या डोक्यावर ते वाक्य.

मनहरबेन थांबल्या होत्या.
मी ते गुजरातीत करून वाचून दाखवलं.
पलीकडून बराच वेळ
नुसतं दुकान ऐकू येत होतं.